पाडून न दाखवलेला पोल

१९८७ च्या मार्चमध्ये माझी साठ दिवसांची रजा मंजूर झाली. अर्जात कारण लिहिलं होतं, घरगुती. खरं कारण वेगळं होतं. मी घोडदळातला सवार होतो आणि मला उडीची भीती वाटायला लागली होती.

पायदळात ज्याला जवान म्हणतात त्याला घोडदळात सवार म्हणतात. बहुतेक घोडदळांकडे आता रणगाडे असतात, आमच्याकडे खरे घोडे होते. मी जंपिंग टीमच्या राखीव यादीत होतो. ज्यांनी शोजंपिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदानात दहा-बारा अडथळे असतात. दोन बाजूंना दोन स्टँड, स्टँडवर खोलगट लोखंडी कप आणि त्या कपांत आडवा टेकवलेला लाकडी पोल. घोड्याने तो ओलांडायचा. पोल पडला तर चार पेनल्टी. घोडा अडला तर तीन.

आदल्या नोव्हेंबरात पावणेचार फुटांच्या पोलला माझ्या घोड्याचे पाय लागले. पोल पडला, त्यावर मी पडलो, माझ्यावर दुसरा पोल पडला. खांद्याचं हाड मोडलं, ते सहा आठवड्यांत जुळलं. पण लाकूड लाकडावर आपटल्याचा तो खडखडाट माझ्या कानातून जाईना. तेव्हापासून घोडा अडथळ्याकडे निघाला की माझा श्वास छातीतच अडकायचा आणि हात आपोआप लगाम ओढायचे. घोडं शहाणं जनावर. वर बसलेला माणूस घाबरला हे त्या माणसाच्या आधी घोड्याला कळतं. ते थांबायचं.

फेब्रुवारीत रिसालदार मेजरसाहेबांनी बोलावलं.

"पाटील, मई में टेस्ट है. पास तो टीम. फेल तो स्टोर."

"जी साब."

स्टोर म्हणजे घोड्यांच्या सामानाची कोठी. वाईट काम नव्हे. पण यावल तालुक्यातल्या आमच्या गावात बापाने एसटीच्या कंडक्टरपासून केळीच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की सुपडू घोड्यावरून हवेत जातो. बाप दुसऱ्यांच्या बागांत केळीची खोडं तोडायचा. त्याच्याकडे सांगायला दुसरं काही नव्हतं. मी खोगीर मोजत बसलोय हे त्याला कसं सांगणार?

म्हणून मी उस्तादांकडे जायचं ठरवलं.

रिसालदार भीमराव बैसाणे. रेजिमेंटमध्ये बावीस वर्षं त्यांनी सवार घडवले. दोन वर्षांपूर्वी पेन्शन घेऊन ते धुळ्याला आले होते. मला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं ते त्यांनीच. चार दिवस घरी राहून मी धुळ्याची बस धरली. बापाने उस्तादांसाठी केळीचा एक अख्खा घड दिला. घडाला डाग पडू नये म्हणून तो सोपटात गुंडाळला होता. केळीच्या खांबावरची वाळलेली साल म्हणजे सोपट. आमच्याकडे माणसं दोरी विकत आणत नाहीत, सोपट भिजवतात आणि त्यानेच सगळं बांधतात.

उस्तादांचं घर गावाबाहेर होतं, आग्रा रोडपासून आत, पांझरेच्या काठाला. घरामागे दोन एकर पडीक जमीन आणि पत्र्याचा तबेला. तबेल्यात एकच घोडी. पांढरी, नाव मैना. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. लग्नसराईत तिच्यावर नवरदेव बसायचे आणि ती बँडच्या तालावर नाचायची. बावीस वर्षं रेजिमेंटमध्ये काढलेला माणूस घोडी वरातीत नाचवतो, हे पाहून मला कसंतरीच झालं. उस्तादांनी ते ओळखलं.

"तोंड वाकडं करू नको," ते म्हणाले. "नाचनं म्हंजे काय? जागावर पाय उचलनं. माले तिले शिकाडनं पडनं नही, बँडवालासनीच शिकाडी दिन्हं."

मी रजेचं खरं कारण सांगितलं. उस्तादांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "भ्याव कसानं वाटस? पडानं, का मरानं?"

"आवाजाचं, साहेब. पोल पडल्याचं."

ते हसले नाहीत. मला त्याचंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून दिनक्रम सुरू झाला. साडेचारला उठणं. मैनेला पाणी, चारा, खरारा. सहाला मैदान. अर्धा तास बिनरिकिबीची दुलकी. रिकिबीत पाय नसले की मांड पक्की होते आणि माणसाचा सगळा माज मांड्यांतून उतरतो. मग उडी. साडेआठला उन्हं चटकायला लागली की बंद. दुपारी सामानाला तेल, संध्याकाळी घोडीला फिरवणं. उस्तादांची पत्नी सुमनबाई, त्यांना मी अक्का म्हणायचो. त्या मला जेवायला वाढताना माझ्या बोलीची नक्कल करायच्या. यावलकडची आमची बोली आणि धुळ्याची अहिराणी यांत फरक आहे, आणि अक्कांना माझं 'मले' आणि 'म्या' ऐकून फार गंमत वाटायची.

उस्तादांनी माझ्या भीतीवर जो उपाय काढला तो कुठल्याही पुस्तकात नाही. पहिले आठ दिवस त्यांनी मला उडीच मारू दिली नाही. त्यांनी मला पोल पाडायला लावला. मी उभा राहायचं, हाताने पोल ढकलायचा, तो पडायचा, उचलून परत कपात ठेवायचा. रोज पन्नास वेळा. जेवायला बसलो की ते ओट्यावरून एक पोल खाली टाकायचे. मी दचकायचो. अक्का म्हणायच्या, "घोडावर बसनारा मानूस, आन चुल्हामधलं लाकूड पडनं तरी दचकस."

पाचव्या दिवशी उस्ताद माझ्याशेजारी बसले.

"पोल खिळा मारीसन का नही ठोकतस, सांग."

"पडायला पाहिजे म्हणून."

"कोनले?"

"पोलला."

"मंग? पोल पडस म्हनीसन सवार उभा ऱ्हास. तो आवाज तुना दुश्मन नही. तो आवाज उना म्हंजे तू वाचना."

मला ते डोक्याने पटलं. पोटाला पटायला वेळ लागला.

त्यांचा एक नियम होता. रेजिमेंटमध्येही तो त्यांनीच लावला होता. ज्याने पोल लावला त्याने घोडा निघण्याआधी तो एकदा हाताने पाडून दाखवायचा. कप घट्ट झाला असेल, स्टँड वाकला असेल, पोलला काही अडकलं असेल, ते तेव्हाच कळतं. उस्ताद खोगिरावर बसून विचारायचे, "पोल?" लावणारा तो पाडायचा, परत ठेवायचा आणि म्हणायचा, "चेक, साहेब." त्याशिवाय ते घोड्याला टाच लावत नसत. एक फुटाचा पोल असला तरी नाही.

नवव्या दिवशी मी मैनेवरून पहिली उडी मारली. दीड फूट. उस्ताद मैदानाच्या कडेला उभे.

"कोठे देखस? पोलकडे? मंग घोडी बी पोलकडेच देखी. तठलं निमनं झाड देख. श्वास सोड. बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीबी. मना नावना शिव्या दे."

शिव्या दिल्या नाहीत. मी पाढे म्हणायला लागलो. बोलणाऱ्याला श्वास धरून ठेवता येत नाही. सातच्या पाढ्यावर मैना पोल ओलांडून पलीकडे उतरली आणि मला कळलंसुद्धा नाही. त्या दिवशी मी अक्कांकडे चार भाकरी जास्त खाल्ल्या.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मी तीन फुटांवर गेलो होतो. दहांतल्या आठ उड्या साफ. पण दुधाने तोंड पोळलं होतं. मैनेचा पाय पोलला लागला आणि तो वाजला, की माझा दिवस संपायचा. पुढच्या उडीला पुन्हा हात ओढायचे. रजेचे नऊ दिवस उरले होते. मी मनातल्या मनात रोज आकडा कमी करत होतो.

त्या मंगळवारी उस्ताद सकाळच्या एसटीने जामनेरला निघाले. तिथे कोणाचा तरी घोडा विकायचा होता, तो बघायला. जाताना हुकूम दिला.

"मी संध्याकायले येसू. आज उडी नको. फक्त दुलकी."

"जी साहेब."

मी दुलकी केली. अर्धा तास. मग मैदानाच्या मध्ये उभ्या असलेल्या पोलकडे बघत बसलो. माझ्या मनात आलं, कोणी बघत नाही, कोणी रागावणार नाही, आज जर ही भीती मोडली तर उस्ताद परत येईपर्यंत मी वेगळा माणूस झालेला असेन. मी पोल अडीच फुटांवर लावला. पाडून पाहिला. घोडीवर बसलो आणि फिरून आलो तोवर वाऱ्याने पोल पाडला. एप्रिलमध्ये पांझरेच्या काठाला सकाळी वारं सुटतं, आणि आमचे पोल निलगिरीचे, हलके. परत लावला. परत पडला. तिसऱ्या वेळी मी पोलपासून सहा पावलांवर होतो. खडखडाट झाला, मैना दचकली, मीही दचकलो.

मी उतरलो. तबेल्याच्या भिंतीला बापाच्या घडाचं सोपट पडलेलं होतं. घोडीच्या बादलीत भिजवलं, दोन पट्ट्या फाडल्या आणि पोलची दोन्ही टोकं कपांना बांधली. विचार केला नाही. आमच्याकडे वाऱ्याने काही हललं की हात सोपटाकडेच जातो. ओलं सोपट हाताने तुटतं, म्हणजे घोड्याच्या पायाने तुटेलच, एवढाच हिशोब केला. सोपट वाळलं की चामड्यासारखं होतं हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण जे माहीत असतं ते प्रत्येक वेळी आठवतंच असं नाही.

त्या सकाळी मी अकरा उड्या मारल्या. अकराही साफ. कुठे आवाज नाही. अकराव्या उडीनंतर मी घोडीच्या मानेला मिठी मारली. मला रडू आलं होतं, आनंदाने. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा मी सवार असल्यासारखं वाटलं.

उतरून मी डाव्या बाजूची पट्टी सोडली. गाठ आवळली होती, दातांनी तोडावी लागली. उजव्या बाजूला जाणार एवढ्यात आग्रा रोडवर लग्नाचा बँड वाजला. मैनेचा लगाम मी नुसताच खांद्यावर टाकला होता. तिने कान टवकारले आणि निघाली. मी मागे धावलो. रस्त्याला लागेपर्यंत सापडली नाही. तिथे एक नवरदेव दुसऱ्याच घोड्यावर बसला होता आणि आमची मैना खोगिरासकट, कोणीही न बोलावता, त्याच्यापुढे नाचत होती. वऱ्हाडी टाळ्या वाजवत होते. एका म्हाताऱ्याने तिच्यावरून ओवाळून नाणं टाकलं. मी घामाघूम होऊन तिला परत आणली. अक्का दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. तेवढ्या गडबडीत उजवी पट्टी माझ्या डोक्यातून गेली. दिवसभर ती उन्हात वाळली.

उस्ताद रात्री आले. अक्कांनी मैनेची गोष्ट सांगितली. ते पोटभर हसले. मीही हसलो. अकरा उड्यांचं मी काही बोललो नाही. सकाळी त्यांच्यासमोर साफ उड्या मारून दाखवायच्या, असं ठरवून झोपलो.

बुधवार. सकाळी सहा दहा. उस्ताद म्हणाले, "आज आधी मी बसस. तीन दिवस तिनावर बसनू नही." त्यांनी मैनेला दोन फेऱ्या दुलकी दिली. मग मैदानाच्या टोकाला वळवून उभं केलं. पोल कालच्याच जागी, अडीच फुटांवर होता. माझी नजर पोलपुढच्या मातीवर गेली. कालचे खुरांचे ठसे. अकरा उड्यांचे, एकावर एक. मी पुसायला विसरलो होतो. उस्ताद जवळ आले असते तर त्यांना एका नजरेत कळलं असतं की मी हुकूम मोडला.

"पोल?" त्यांनी विचारलं.

पोल पाडायला तिथे जावं लागलं असतं. मी गेलो की तेही घोडी पुढे घेऊन बघायला येतील असं मला वाटलं. मी जागेवरूनच उत्तर दिलं.

"चेक, साहेब."

त्यांनी विश्वास ठेवला. मी त्यांचा शिकवलेला होतो.

मैना संथ लयीत आली. अडीच फूट तिच्यासाठी काहीच नव्हतं, आणि लहान उडीला घोडा आळस करतो, पाय पूर्ण उचलत नाही. तिचे पुढचे पाय पोलला लागले. डावं टोक कपातून सुटलं. उजवं सुटलं नाही. पोल तिरका होऊन तिच्या पुढच्या दोन पायांत अडकला. ती डोक्यावर गेली आणि तिची पाठ वरून फिरून खाली आली. उस्ताद खाली होते.

आवाज झाला नाही. पोल पडलाच नव्हता.

मैना उठली. तिची नडगी फाटली होती. ती तिथेच उभी राहिली, कुठे गेली नाही. उस्ताद उताणे पडले होते, डोळे उघडे. मी हाक मारली. त्यांनी फक्त हाताने खूण केली, थांब. अक्का घरातून धावत आल्या. त्यांनी घोडी नवऱ्यावर पडताना पाहिली होती. मी रस्त्यावर जाऊन एक टेम्पो थांबवला. ड्रायव्हर टेम्पो वळवून आत आणत होता तेवढ्या वेळात मी पोलकडे गेलो, उजवी पट्टी चाकूने कापली आणि खिशात घातली.

उस्ताद जमिनीवर पडले होते आणि मी पुरावा लपवत होतो. मला माझी किळस येते. तेव्हाही आली होती, पण हात थांबले नाहीत.

सात वाजता दवाखान्यात पोचलो. कंबरेचं हाड चुरलं होतं, पोटात रक्तस्राव होत होता. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. दुपारी उस्तादांना शुद्ध आली. अक्का औषध आणायला खाली गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच.

"पोल का नही पडना?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. वारं, सोपट, डावी पट्टी, बँड, ठसे. उभा राहून सांगितलं, रिपोर्ट देतात तसं. ते छताकडे बघत होते.

"कितल्या उड्या?"

"अकरा, साहेब."

"साफ?"

"साफ."

त्यांनी डोळे मिटले.  मला वाटलं झोपले.

"टेस्ट दे," ते म्हणाले. "आते कोनले सांगू नको. चौकशी लागी, तुले जाऊ देवाव नहीत. टेस्ट दे."

"साहेब, मी..."

"हुकूम शे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी रिसालदार भीमराव बैसाणे गेले. वय एकावन्न.

पंचनाम्यात घोडी अडखळून अपघात असं लिहिलं गेलं. मला विचारलं तेव्हा मीही तेच सांगितलं. भिक्खूंनी त्रिशरण म्हटलं, वस्तीतली सगळी माणसं आली, अंत्यसंस्कार झाले. मी खांदा दिला. कोणत्या तोंडाने दिला ते मला माहीत नाही. अक्का एकदाच बोलल्या, तबेल्याच्या दिशेने बोट करून. "या घोडीनी मना मानूस खाधा." मी तिथे उभा होतो. मी तोंड उघडलं नाही. त्याच संध्याकाळी मी यावलची बस धरली. निघताना तबेल्याकडे वळलोसुद्धा नाही, कारण मैनेसमोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

मे महिन्यात टेस्ट झाली. बारा अडथळे. घोडा वेगळा, मैदान ओळखीचं. चौथ्या अडथळ्यावर घोड्याचा मागचा पाय लागला आणि पोल खडखडत खाली गेला. मी वाट बघत होतो की हात ओढतील. ओढले नाहीत. तो आवाज ऐकून मी श्वास सोडला. पडला, पडला, असं मी मोठ्याने म्हणालो. उरलेले आठ साफ गेले. चार पेनल्टी, पास. रिसालदार मेजरसाहेबांनी पाठ थोपटली. मी तबेल्यात जाऊन घोड्याच्या मागे बसलो आणि तोंडात रुमाल कोंबून रडलो. जे शिकायला गेलो होतो ते मी शिकलो होतो. त्याची जी किंमत पडली ती मी दिली नव्हती, उस्तादांनी दिली होती.

पुढे अकरा वर्षं नोकरी केली. टीममधून खेळलो, दफेदार झालो, नव्या सवारांना शिकवलं. पोल पाडून दाखवल्याशिवाय मी एकालाही निघू दिलं नाही. पोरं मागून मला 'चेक साहेब' म्हणायची, मला ते ठाऊक होतं. रेजिमेंटच्या वर्धापनदिनी गेलेल्यांची नावं वाचतात, सगळे सावधान उभे असतात. त्यात उस्तादांचं नाव कधी आलं नाही. ते पेन्शनीत गेले, घरामागच्या पडीक जमिनीत, वरातीच्या घोडीवरून. नियमात बसत नव्हतं. दर वर्षी यादी संपली की मी मनात एक नाव जोडायचो आणि मग विश्राम व्हायचो.

सांगायचं राहिलं ते राहिलंच. आधी टेस्ट, मग बढती, मग बहिणीचं लग्न. उस्तादांनी 'आते' म्हटलं होतं, म्हणजे आत्ता. मी तो शब्द ताणत नेला.

१९९८ मध्ये निवृत्त झालो आणि घरी जायच्या आधी धुळ्याला उतरलो. आग्रा रोडला हॉटेलं झाली होती, पडीक जमिनीवर प्लॉट पडले होते. अक्का त्याच घरात होत्या. केस पांढरे झालेले. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"जयभीम, अक्का."

"जयभीम. मले-म्या करनारा सुपडू का? बैठ."

त्यांनी पाणी दिलं. मी घेतलं नाही. भिंतीवर उस्तादांचा गणवेशातला फोटो होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, अक्कांकडे बघितलं. आणि सांगितलं.

"पोल म्या बांधला व्हता, अक्का. घोडी अडखळली नाही."

सगळं सांगायला पाच मिनिटं लागली असतील. अकरा वर्षं वागवलेली गोष्ट पाच मिनिटांची निघाली. अक्कांचे हात मांडीवर होते, ते हलले नाहीत.

"त्यासले माहीत व्हतं?"

"हो. दवाखान्यात सांगितलं मी."

"त्यासनी काय सांगं?"

"टेस्ट दे म्हणाले. आते कोनले सांगू नको म्हणाले."

"आते," अक्का म्हणाल्या. "आते सांगं व्हतं त्यासनी. अकरा वरीस नही सांगं."

मी मान खाली घातली. त्यांनी मला शिवी द्यावी, हाकलून द्यावं, निदान रडावं, असं मला फार वाटत होतं. त्यांनी त्यातलं काही केलं नाही. त्या उठल्या आणि मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. तबेला आता नव्हता. तिथे कोणाच्या तरी घराचा पाया खणला होता.

"दोन दिवस मी तिले पानी नही दाखाडं," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही.

"मैनाले. त्यास्ना मांगे दोन दिवस. बांधेल व्हती, पाय सुजेल, उन्हात. वरडी राहिनी व्हती. मी दार लाई लिन्हं. वरड म्हने. शेजारनी बाई उनी तव्हय तिनी पानी पाजं. मंग येक दलाल लई ग्या. मालेगावले टांगाले जुपेल व्हती म्हने. पुढे माले माहीत नही." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तिना काय गुन्हा व्हता रे?"

 त्या दोन दिवसांतल्या पहिल्या संध्याकाळी मी त्या तबेल्यापासून वीस पावलांवर होतो. बादली कुठे असते ते मला माहीत होतं. मी गेलो असतो तर तिला पाणी मिळालं असतं. मी बोललो असतो तर ती त्या घरात म्हातारी झाली असती.

अक्का परत येऊन बसल्या. आता त्या रडत होत्या, आवाज न करता. पाण्याचा तांब्या त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"पी. पानीले नही म्हनू नये."

मी प्यायलो. निघताना त्या दारापर्यंत आल्या.

"तुमनी पल्टनमा नावं लिखतस ना, गयेलासना?"

"लिहितात, अक्का."

"मंग तू बी लिख. जसं व्हयनं तसं लिख. आन घोडीनं नाव बी लिख."

लिहितो आहे, अक्का.

रिसालदार भीमराव बैसाणे, राहणार धुळे. वय एकावन्न. खोगिरावर बसलेले असताना पडले.

घोडी मैना. रंग पांढरा. आणली सारंगखेड्याहून. मालेगावला टांग्याला जुंपली, पुढचं माहीत नाही.

दोघांचीही चूक नव्हती. पोल मी बांधला होता, आणि मला विचारलं तेव्हा मी 'चेक' म्हणालो.